दहा पौंडांची टंकलेखिका

मराठींत ज्याला आपण ‘अडत्या’ म्हणतों तो धान्याच्या पेठेंत बसतो. ‘मुखत्यार’ कोर्टकचेरींत भेटतो. आणि ‘दलाल’ हा शब्द तर सभ्य घरांत जपूनच उच्चारावा लागतो. लेखकाच्या किंवा नटाच्या वतीनें धनिकाशीं बोलणारा, त्याच्या गुणाचें मोल ठरवून घेणारा, आणि त्या मोलांतील कांहीं हिस्सा आपल्या श्रमाबद्दल ठेवणारा जो मनुष्य, त्याला आपल्या भाषेंत स्वतःचा असा शब्द नाहीं. कारण उघड आहे. तो धंदाच आपल्याकडे फारसा रुजला नाहीं. आपला लेखक स्वतःच प्रकाशकाच्या दारीं जातो, पैशांचा विषय निघाला कीं खालीं पाहतो, आणि जें पदरांत पडेल तें घेऊन घरीं येतो. संकोच हा सरस्वतीच्या उपासकांचा जुना रोग आहे. विलायतेंत या रोगावर एजंट नांवाचें औषध पूर्वींपासून आहे. आज ज्या बाईंची हकीकत सांगावयाची आहे, त्या चित्रवाणीच्या अगदीं आरंभींच्या काळांत अशा एजंट होत्या. मात्र तें त्यांनीं कधीं योजिलें नव्हतें. त्यांना यावयाचें होतें तें केवळ टाइपरायटरवर, आणि खरें सांगावयाचें तर तेथेंही यावयाचें नव्हतें.

बेरिल व्हर्च्यू यांचा जन्म ८ एप्रिल १९३१ रोजीं झाला. माहेरचें नांव जॉन्सन. लंडनच्या दक्षिणेकडील उपनगरांत त्या वाढल्या आणि शाळा संपल्यावर चिटणिशीच्या कामास लागल्या. आपल्याकडेही एक काळ असा होता कीं, मॅट्रिक झालेल्या मुलीला टंकलेखनाच्या वर्गांत घालीत. मिनिटास चाळीस शब्दांची परीक्षा उतरली कीं नोकरीची चिंता मिटली, असें पुण्यासाताऱ्याकडील पालक मानीत. लंडनच्या मध्यम स्थितींतील घरांतही याहून निराळें नव्हतें. बाईंच्या ओळखींत शाळकरी वयापासूनचा अॅलन सिम्प्सन नांवाचा एक मुलगा होता. या सिम्प्सनला तरुणपणींच क्षय जडला, आणि मिलफर्ड येथील आरोग्यधामांत १९४८ सालीं त्याची गांठ रे गॉल्टन या दुसऱ्या रोग्याशीं पडली. दोघेही खाटेला खिळलेले. वेळ जाईना म्हणून तेथल्याच रुग्णांसाठीं चालणाऱ्या ध्वनिक्षेपणावर त्यांनीं विनोदी संवाद लिहिले, आणि रोग हटल्यावरही ती जोडी सुटली नाहीं. टोनी हॅन्कॉक या नटासाठीं त्यांनीं लिहिलेली ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ ही मालिका बी.बी.सी.च्या नभोवाणीवर नोव्हेंबर १९५४ मध्यें सुरू झाली आणि सारें इंग्लंड त्यांना ओळखूं लागलें.

आतां लिखाण वाढलें, तशी टंकलेखिकेची गरज भासली. सिम्प्सननें १९५५ सालीं बेरिलबाईंना विचारलें. जागा घरापासून दूर. त्यांना जावयाचें नव्हतें. पण मित्राला ‘नको’ म्हणणें जिवावर आलें. तेव्हां त्यांनीं आठवड्याला दहा पौंड पगार मागितला. त्या काळीं टंकलेखिकेला इतका पगार कोणी देत नसे, म्हणून नकार येणार अशी त्यांची खात्री होती. समोरून ‘ठीक आहे’ असें उत्तर आलें! ही गोष्ट बाई पुढें जन्मभर हंसत हंसत सांगत असत. त्यांच्या आयुष्यांतला तो पहिला सौदा, आणि तो त्यांनीं हरण्यासाठीं केला होता.

कचेरी होती लंडनच्या शेफर्ड्स बुश भागांत, एका भाजीवाल्याच्या दुकानावर, पांच मजले चढून. गॉल्टन व सिम्प्सन, त्यांच्या जोडीला स्पाइक मिलिगन आणि एरिक साइक्स, अशा चौघा विनोदी लेखकांनीं ‘असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स’ नांवाची एक सहकारी धर्तीची संस्था काढली होती. पुढें जॉनी स्पेट, टेरी नेशन, जॉन अँट्रोबस अशीं नवीं माणसें तेथें येऊन मिळालीं. विनोदी लेखकांची कचेरी म्हटली म्हणजे तेथें दिवसभर हशा पिकत असेल असें वाचकांस वाटेल. तसें नव्हतें. विनोदी लिहिणारीं माणसें जात्या गंभीर, आणि मिलिगनसारखीं तर जमदग्नीचा अवतार. एका शब्दावरून साइक्सशीं त्याचा वाद पेटला तेव्हां त्यानें कागदांवर ठेवावयाचें वजन उचलून फेकलें. तें साइक्सला न लागतां खिडकीची कांच फोडून पांच मजले खालीं रस्त्यावर गेलें, असें साइक्सनेंच लिहून ठेविलें आहे. अशा मंडळींचे कागद नीट लावावयाचे, मिलिगनच्या ‘गून शो’मधील अर्थहीन आरोळ्या आणि फुटलेले आवाज यांना अक्षररूप द्यावयाचें, चहा, फोन, हिशेब हें सगळें पाहावयाचें, असें तें काम होतें. हें नुसतें टंकलेखन नव्हे, हें घर चालविणें आहे, हें आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको.

त्या वर्षाचें दुसरें एक महत्त्व आहे. इंग्लंडांत चित्रवाणीचें नियमित प्रक्षेपण १९३६ च्या नोव्हेंबरांत सुरू झालें, महायुद्धामुळें १९३९ त बंद पडलें, आणि १९४६ च्या जूनमध्यें पुन्हा उघडलें. २ जून १९५३ रोजीं राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक पाहावयास लोकांनीं घरोघर यंत्रें घेतलीं. परंतु तोंवर हा सारा कारभार एकट्या बी.बी.सी.चा. तिनें ठरविलेली बिदागी लेखकानें मुकाट्यानें घ्यावयाची. कारण माल घेणारें दुकान एकच. (मुलें लवकर निजावींत म्हणून सायंकाळीं सहा ते सात चित्रपट कोराच ठेवावयाचा, असाही दंडक होता, आणि तो १९५७ च्या फेब्रुवारीपर्यंत पाळला गेला. आज आपल्या घरांतला सायंकाळचा गोंगाट ऐकला म्हणजे त्या दंडकाची मला फार आठवण होते.) २२ सप्टेंबर १९५५ रोजीं जाहिरातींवर चालणारी दुसरी चित्रवाणी, आय.टी.व्ही., लंडनांत सुरू झाली. एका गिऱ्हाइकाचीं दोन गिऱ्हाइकें झालीं. घासाघीस ही गोष्ट दोन गिऱ्हाइकांवांचून संभवत नाहीं. म्हणजे बेरिलबाई टाइपरायटरपुढें येऊन बसल्या त्याच वर्षीं, त्यांना ठाऊक नसतां, त्यांच्या पुढील धंद्याचा पाया तेथें घातला जात होता.

लेखक आंत लिहीत बसलेले. फोन वाजे तो बाहेर. पलीकडून कोणी अधिकारी विचारी, अमक्या मालिकेचे किती घ्याल? आंत जाऊन विचारावें तर लेखक म्हणणार, तुम्हीच सांगा कांहीं तरी. मग बेरिलबाईच सांगूं लागल्या. आंकडा सांगितला, तो मान्य झाला. पुढच्या खेपेस थोडा वाढवून सांगितला, तोही मान्य झाला. करारपत्रें टंकित करतां करतां त्यांतलीं कलमें पाठ होऊं लागलीं. असें होतां होतां गॉल्टन, सिम्प्सन, हॅन्कॉक, फ्रँकी हॉवर्ड, मिलिगन यांच्या वतीनें बोलणारी बाई म्हणून त्यांचें नांव झालें. आपण एजंट व्हावयाचें असें त्यांनीं ठरविलें नव्हतें. लोक त्यांना एजंट समजून बोलूं लागले आणि त्याही तशाच उत्तरें देऊं लागल्या. ज्या काळीं चित्रवाणीच्या कचेऱ्यांतून स्त्री दिसे ती बहुधा लघुलेखनाची वही घेतलेली, त्या काळीं टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसून पैशांचें बोलणारी स्त्री पाहून कांहीं गृहस्थ गोंधळून जात असतील. गोंधळलेल्या मनुष्याशीं सौदा करणें सोपें जातें, हें बाजारांत जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. आपले पु. ल. देशपांडे या नव्या माध्यमाचें शिक्षण घेण्यासाठीं बी.बी.सी.त गेले ते याच दशकाच्या अखेरीस. दिल्लीचें केंद्र १५ सप्टेंबर १९५९ ला उघडलें. तेव्हां आपल्याकडे जें नुकतें अंकुरत होतें त्याचें तिकडे बाजारपेठेंत रूपांतर झालें होतें.

या धंद्याला दुसरी एक बाजू आहे आणि ती १९६१ सालीं त्यांच्या वांट्यास आली. हॅन्कॉक हा त्या वेळचा सर्वांत लोकप्रिय विनोदी नट. त्याला चित्रपटांतून जगभर कीर्ति हवी होती. गॉल्टन व सिम्प्सन यांनीं त्यासाठीं कित्येक महिने, एक पैही न घेतां, चित्रपटकथा लिहिल्या. त्या त्याला रुचल्या नाहींत. शेवटीं त्यानें दोघांना रजा दिली, आणि त्यांच्यामागोमाग बेरिलबाईंनाही. सहासात वर्षांचा संबंध एका बैठकींत संपला. नटाला वाटलें, भाषा आपलीच होती. लेखक गेले म्हणून काय झालें? पुढें त्याची जी घसरण झाली ती थांबली नाहीं, आणि १९६८ च्या जूनमध्यें ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें त्यानें आपल्या हातानें आयुष्याचा शेवट केला. मला या माणसाची कींव येते, राग येत नाहीं. परंतु ज्यांना त्यानें सोडलें त्यांचें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. बी.बी.सी.च्या रंजनविभागाचे प्रमुख टॉम स्लोन यांनीं गॉल्टन-सिम्प्सनना दहा स्वतंत्र प्रहसनें लिहावयास दिलीं, विषय तुमचा, नट तुमचे. त्यांतलें एक ५ जानेवारी १९६२ ला दाखविलें गेलें: भंगार गोळा करणारा म्हातारा बाप आणि त्याच्यापासून सुटूं पाहणारा, पण न सुटणारा मुलगा. हीच ‘स्टेप्टो अँड सन’. तिची लोकप्रियता इतकी कीं, १५ ऑक्टोबर १९६४ च्या निवडणुकीच्या सायंकाळीं ती दाखविली तर आपले मतदार घराबाहेरच पडणार नाहींत, या भयानें मजूर पक्षाचे पुढारी हॅरल्ड विल्सन यांनीं बी.बी.सी.च्या प्रमुखांकडे धांव घेतली, आणि खेळ मतदान संपेपर्यंत पुढें ढकलण्यांत आला. विल्सन निवडून आले, फार थोड्या जागांच्या आधिक्यानें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळतों. टेरी नेशन हा वेल्समधून आलेला लेखक १९६३ सालीं हॅन्कॉकच्या नाटकी दौऱ्यासाठीं विनोद लिहीत होता. त्याच सुमारास बी.बी.सी.नें मुलांसाठीं योजिलेल्या ‘डॉक्टर हू’ या नव्या मालिकेंत लिहाल का, अशी विचारणा आली. नेशननें एजंटामार्फत नकार कळविला. मुलांचें लिखाण त्याला कमीपणाचें वाटलें. मग नॉटिंगहॅम मुक्कामीं हॅन्कॉकशीं भांडण झालें, काम गेलें, आणि पोटासाठीं त्यानें तेंच काम पत्करलें. त्यानें लिहिलेल्या कथेंत डालेक नांवाचे प्राणी होते: आंत क्षीण जीव, बाहेर धातूचें कवच, आवाज खरखरीत. २१ डिसेंबर १९६३ पासून ती कथा दाखविली गेली आणि इंग्लंडांतलीं पोरें अंगणाअंगणांतून डालेक होऊन फिरूं लागलीं. पुढल्या दोन वर्षांत डालेकांचीं खेळणीं, पुस्तकें, मिठाई, पोशाख यांनीं दुकानें भरून गेलीं. १९६५ आणि १९६६ त दोन चित्रपटही निघाले.

नेशनचा करार बेरिलबाईंनीं पाहिला होता. खेळणीं व वस्तु विकण्याचा हक्क बी.बी.सी.कडे जावा असें जें ठराविक कलम असे, तें त्यांनीं तसेंच जाऊं दिलें नाहीं; त्या हक्कांत लेखकाचा वांटा राखून ठेविला. तेव्हां त्या कलमाला कांहीं किंमत आहे असें कोणालाच वाटत नव्हतें, आणि म्हणूनच कदाचित् समोरच्यांनीं तें मान्य केलें. त्या एका रेघेनें टेरी नेशन श्रीमंत झाला. याच्या उलट गोष्ट रेमंड कुसिक याची. डालेकाला डोळ्यांपुढें उभें राहील असें रूप दिलें तें या कुसिकनें. मिरपुडीच्या डबीसारखा तो घाट, तो गोल डोळा, सगळें त्याच्या लेखणींतलें. पण तो बी.बी.सी.चा पगारी नोकर. त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नव्हतें. मागाहून खुशालीदाखल शंभर पौंडांच्या आसपास रक्कम त्याच्या हातांत पडली, एवढेंच.

हें वाचलें तेव्हां मला माझी एक जुनी पुस्तिका आठवली. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना, मीं शब्दरूपें आणि धातुरूपें यांची एक चोपडी तयार केली. मुलांना चालींवर पाठ करतां यावीं म्हणून रूपें लावण्याची माझी एक स्वतःची तऱ्हा होती. एका प्रकाशकानें ती घेतली. गृहस्थाचें नांव येथें घेत नाहीं. बाराशें रुपये एकदम हातावर ठेवले आणि एक कागद पुढें केला. त्यांत ‘सर्व हक्क’ असे दोन शब्द होते. बारा शब्दांच्या समासाचा विग्रह मी फळ्यावर सहज करीत असें; या दोन शब्दांचा विग्रह कांहीं मला त्या दिवशीं सुचला नाहीं. पुस्तिकेच्या किती आवृत्त्या निघाल्या तें मीं मोजणें सोडून दिलें आहे. तक्रार करण्यास जागा नाहीं. सही माझीच, आणि अक्षरही फार वळणदार आलेलें आहे. आमच्या घरांतून मात्र त्या वेळीं प्रश्न आला होता, ‘कागद वाचलात का?’ मीं म्हटलें, ‘भला माणूस आहे.’ पुढचें संभाषण येथें देण्याचें प्रयोजन नाहीं.

बेरिलबाई कागद वाचीत. इतकेंच नव्हे, तर कागदावर जें लिहिलेलें नाहीं तेंही त्यांना दिसे. ‘स्टेप्टो’ इंग्लंडांत चालली. पण हॉलंडांतल्या लोकांना तें लंडनी बोलणें कसें कळावें? तेव्हां त्यांनीं चित्रफीत न विकतां मालिकेचा सांचा विकला. म्हणजे बाप, लेक, भंगाराचा गाडा आणि त्यांचें एकमेकांत गुंतलेलें दुःख हें जसेंच्या तसें. नट, भाषा आणि गांव तुमचें. हॉलंडांत १९६३ पासूनच डच बाप-लेक अवतरले. आपल्याकडे देवलांनीं ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तो १८९० सालीं. परंतु शेक्सपियरला जाऊन तेव्हां पावणेतीनशें वर्षें झालीं होतीं, त्याच्या वतीनें मोबदला मागावयास कोणी येणार नव्हतें. जिवंत लेखकाच्या कल्पनेचा असा देशोदेशीं भाडेपट्टा करून द्यावयाचा, ही गोष्ट चित्रवाणींत त्या वेळीं अगदीं नवी. आज जगभरच्या वाहिन्या ज्या व्यापारावर चालतात त्यांतली ही एक मोठी वाट, आणि ती पाडणाऱ्यांत या बाई अग्रभागीं होत्या.

अमेरिकेचा सौदा सर्वांत मोठा ठरला. जॉनी स्पेटच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या १९६६ पासून चाललेल्या मालिकेंत आल्फ गार्नेट नांवाचा एक तोंडाळ, हेकट, परक्यांचा द्वेष करणारा संसारी मनुष्य होता. लोक त्याला हंसत, आणि हंसतां हंसतां कांहींजण आपल्याच घरांतला म्हातारा ओळखून गप्प बसत. नॉर्मन लियर या अमेरिकन निर्मात्यानें त्यावरून रचलेली कथा एका वाहिनीनें दोनदां नाकारली. अखेरीस १२ जानेवारी १९७१ रोजीं सी.बी.एस.वर ‘ऑल इन द फॅमिली’ या नांवानें ती आली आणि पुढें लागोपाठ पांच वर्षें त्या देशांत पहिल्या क्रमांकावर राहिली. १४ जानेवारी १९७२ ला ‘स्टेप्टो’चा अवतार ‘सॅनफर्ड अँड सन’ आला. त्यांत बाप-लेक लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागांतले कृष्णवर्णी. भंगाराचा धंदा मात्र तोच. त्या वर्षींच्या २ ऑक्टोबरला आपल्या मुंबईचें दूरदर्शन केंद्र उघडलें. जर्मनींत १९७३ सालीं आल्फ गार्नेट जर्मन बोलूं लागला. सर्वच सौदे फळले असें मात्र नाहीं. एका नामांकित इंग्रजी मालिकेवरून बाईंनीं अमेरिकेंत ‘बीकन हिल’ उभी केली ती १९७५ च्या ऑगस्टांत सुरू झाली आणि नोव्हेंबरांत बंदही पडली.

मधल्या काळांतल्या घडामोडी थोडक्यांत सांगतों. १९६७-६८ च्या सुमारास त्यांच्या संस्थेचा मोठा भाग रॉबर्ट स्टिगवुड या उद्योजकाच्या संस्थेंत मिळाला. मिलिगन आणि साइक्स तेवढे आपल्या जागीं राहिले. बाई तेथें उपाध्यक्ष झाल्या, चित्रपटांच्या निर्मितींत शिरल्या, आणि १९७९ सालीं ‘हार्ट्सवुड फिल्म्स’ ही स्वतःची संस्था काढून बसल्या. दोन मुली, सू आणि डेबी, पुढें याच संस्थेंत आल्या. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनीं एक कादंबरी उचलून तिची ‘मेन बिहेविंग बॅडली’ ही मालिका केली. १९९२ त आय.टी.व्ही.वर ती आली आणि दोन खेपांनंतर काढून टाकण्यांत आली. ज्या वयांत आमच्यासारखे लोक निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन रांगेंत उभे असतात, त्या वयांत ही बाई तीच मालिका घेऊन बी.बी.सी.च्या दारीं गेली. १९९४ पासून ती तेथें चालली, आणि अशी चालली कीं पहिल्या घरीं हळहळले असतील. सरकारनें २००० आणि २०१६ सालीं पदव्या दिल्या. १२ फेब्रुवारी २०२२ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्या वारल्या.

डालेकांच्या त्या कलमाची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाहीं. टेरी नेशन १९९७ त वारला. सहा वर्षांनीं बी.बी.सी.नें ‘डॉक्टर हू’ पुन्हा सुरू करावयाचें ठरविलें, तेव्हां डालेक वापरण्यासाठीं नेशनच्या वारसांकडे जाणें भाग पडलें. २००४ च्या जुलैंत बोलणीं फिसकटलीं, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि ऑगस्टांत तडजोड निघाली. एकेचाळीस वर्षांपूर्वींचा तो कागद अजून आपलें म्हणणें सोडावयास तयार नव्हता. पुढें २०१० सालीं त्या मालिकेचें मुख्य लेखकपद स्टीव्हन मोफॅट यांच्याकडे आलें. हे मोफॅट म्हणजे बेरिलबाईंची कन्या सू हिचे पति. दोन वर्षांनीं त्यांनीं डालेकांवर एक भाग लिहिला. तेव्हां डालेक हे टेरी नेशनचे, अशी नामावळींतली ओळ जांवईबापूंनाही चुकली नाहीं. सासूबाईंनीं १९६३ त तशी तजवीज करून ठेविली होती.